बाटलीतला राखणदार

टोमॅटो सॉसची, सरबताची किंवा विकतच्या लोणच्याची बाटली हाती घेऊन तिच्यावरील बारीक मजकूर वाचावा. पुष्कळदा त्यात परिरक्षक २११ अशी नोंद आढळते. हा दोनशे अकरा म्हणजे सोडियम बेन्झोएट : पांढरा, पाण्यात सहज विरघळणारा क्षार. ज्या बेन्झॉइक आम्लापासून तो होतो, ते आपल्या ओळखीच्या उदातही असते. तेव्हा नुसत्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. पण त्याचे काम समजून घेतल्यावाचून विश्वास टाकण्याचेही कारण नाही.

हे काम आंबट पदार्थातच चालते. आम्लता मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट. आंबट रसात या क्षाराचे पुन्हा बेन्झॉइक आम्ल होते. ते बुरशीच्या आणि किण्वाच्या पेशीत शिरते, आत आंबटपणा वाढवते, आणि तो बाहेर टाकण्यातच त्या जीवाची शक्ती खर्च होऊन त्याची वाढ खुंटते. सामू ४.२ असताना या क्षाराचा निम्मा भाग अशा कामाच्या रूपात असतो. सामू ७ असताना हजारांत दोन भागही नसतात. म्हणून लिंबाच्या रसात हा राखणदार जागा, तर दुधात झोपलेला!

आता प्रश्न असा की, तो पोटात गेल्यावर काय होते? आपले यकृत त्याला ग्लायसिन नावाच्या द्रव्याशी जोडते आणि ते संयुग लघवीवाटे बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने २०२१ साली शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. मात्र क जीवनसत्त्वाच्या सोबतीत, ऊन व उष्णता लागली, तर त्यापासून बेन्झिन हे घातक द्रव्य अल्पांशाने होऊ शकते. बाटल्या उन्हात रचणाऱ्या दुकानदाराला हटकावे ते यासाठी.

पण खरा वाद विषाचा नव्हे, नियतीचा आहे. अमेरिकेत १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा झाला, त्यामागे हार्वे वायली हा रसायनज्ञ होता. बेन्झोएटला त्याचा कडवा विरोध होता. पुढे आयरा रेम्सन यांच्या मंडळाने १९०९ साली निर्वाळा दिला की, अल्प प्रमाणात ते अपायकारक नाही. रसायनाच्या बाजूने वायली हरला. पण त्याचा दुसरा मुद्दा शिल्लक उरला. टाकाऊ टोमॅटोचा आणि अस्वच्छ कारखान्याचा माल या क्षाराच्या आधाराने बाजारात टिकत होता. हाइन्झच्या कारखान्याने पिकलेले चांगले टोमॅटो, अधिक सिरका व साखर वापरून बेन्झोएटवाचून केचप टिकवून दाखवले.

राखणदार चोराला अडवतो, घर झाडत नाही. सडलेले फळ या क्षाराने ताजे होत नाही. क्षाराची पुडी स्वस्त. निवडलेले फळ, उकळते पाणी आणि पुरेशी माणसे महाग. म्हणून मालक पुडीकडे झुकू नये, यासाठी कायद्याची मर्यादा हवी, तपासनीस हवा, आणि पट्ट्यावर फळे निवडणाऱ्या बाईला ‘हे टाका’ म्हणण्याची मुभा हवी. असे म्हटल्याबद्दल तिचा रोज बुडत असेल, तर बाटलीवरचा कोणताही आकडा तुमच्या मुलाचे रक्षण करणार नाही.