टॅक्सीचे परवाने गोठवल्याने लाभ कोणाचा?

महामंदीत बेकार झालेल्या अनेकांनी न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीचा धंदा धरला, रस्त्यांवर गाड्यांची गर्दी उसळली आणि दिवसभर राबूनही चालकांच्या पदरात पुरेसे पडेना. तेव्हा १९३७ च्या हास कायद्याने तेथील टॅक्सींची संख्या गोठवण्यात आली. प्रत्येक टॅक्सीच्या बॉनेटवर 'मेडॅलियन' नावाची धातूची चकती बसवली जाई. हाच तिचा परवाना होय, आणि सुरुवातीला तो अवघ्या १० डॉलरना मिळे.

मर्यादेचा हेतू चालकाचे रक्षण हा असला, तरी परवाना विकण्याची व भाड्याने देण्याची मुभा असल्यामुळे लाभ हळूहळू मालकाकडे वळला. श्रमातून नव्हे, तर दुर्मीळ वस्तू ताब्यात असल्यामुळे मिळणाऱ्या अशा उत्पन्नाला अर्थशास्त्रात 'खंड' म्हणतात. बारा तासांच्या पाळीसाठी गाडी घेणाऱ्या चालकाला ठरलेले भाडे भरावेच लागे. त्यामुळे पाळीचे पहिले काही तास मालकाची रक्कम भरून काढण्यात जात आणि स्वतःची कमाई त्यानंतर सुरू होई. प्रवासी भाड्याचे दर नियमाने बांधलेले असल्याने ग्राहकाला टंचाई जाणवे ती गाडी न मिळण्यातून: पिवळ्या टॅक्सी मुख्यतः मॅनहॅटन व विमानतळांभोवतीच फिरत, म्हणून ब्राँक्स, क्वीन्स अशा भागांसाठी २०१३ मध्ये हिरव्या टॅक्सी सुरू कराव्या लागल्या.

एव्हाना मेडॅलियनची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली होती, आणि स्वतःची गाडी असावी या आशेने अनेक स्थलांतरित चालकांनी प्रचंड कर्जे काढली होती. मात्र उबरसारख्या सेवांच्या गाड्यांना ही मर्यादा लागू नव्हती. त्यांची संख्या वाढताच परवान्याचा भाव गडगडला, कर्ज मात्र तसेच राहिले, आणि २०१८ मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये चालकांनी उपोषण केल्यानंतर शहराच्या हमीवर कर्जफेडीच्या अटी सौम्य झाल्या.

दरम्यान, २०१८ मध्ये शहराने ॲपवरील गाड्यांचे नवे परवाने रोखले आणि त्यांच्या चालकांना किमान मोबदला ठरवून दिला. गर्दी आवरण्यासाठी मर्यादा आवश्यक असू शकते; परंतु परवाना हा सट्ट्याचा माल न होता प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्याच्या नावे राहिला आणि मागणीनुसार परवान्यांचा वेळोवेळी फेरविचार झाला, तरच तिचा लाभ चालकाला व प्रवाशाला मिळू शकेल.