पडदा, प्रजासत्ताक आणि पूर्वग्रह

‘फ्रान्सने बुरख्यावर बंदी घातली’ हे वाक्य आपल्याकडे दोन निराळ्या सुरांत उच्चारले जाते. एक सूर प्रशंसेचा, की असे करारी सरकार आपल्यालाही लाभावे, आणि दुसरा संतापाचा, की स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा डंका पिटणाऱ्या राष्ट्राचे खरे रूप अखेर उघडे पडले. परंतु ही बंदी नेमकी कोणत्या वस्त्रावर, कोणत्या स्थळी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या साली घातली गेली, असे या दोन्ही पक्षांतील विद्वानांस विचारले, तर उत्तरादाखल बहुधा आवेशच पदरी पडतो. वस्तुस्थिती समजून घेण्यास फार परिश्रम पडतात असे नाही. पण ती कोणत्याच पक्षाच्या सोयीची नाही, आणि गैरसमजांना दीर्घायुष्य लाभते ते बहुधा याच कारणाने.

हिजाब, म्हणजे केस व मान झाकून चेहरा मोकळा ठेवणारा रुमाल, फ्रान्समध्ये रस्त्यावर, बाजारात, आगगाडीत, इतकेच काय पण विद्यापीठाच्या वर्गातदेखील बांधून वावरण्यास आजही कायद्याची आडकाठी नाही. १५ मार्च २००४ च्या कायद्याने मनाई केली ती सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना, आणि तीही धर्म ठळकपणे प्रकट करणाऱ्या सर्वच चिन्हांची. खासगी शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. सरकारी नोकरास, मग तो न्यायाधीश असो की टपाल कचेरीतील कारकून, कामावर असताना कोणतेही धर्मचिन्ह धारण करता येत नाही. परंतु त्याच कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्या स्त्रीने रुमाल बांधला असेल तर तिला कोणी हरकत घेऊ शकत नाही. तिसरे बंधन ११ ऑक्टोबर २०१० च्या कायद्याचे. तो ११ एप्रिल २०११ पासून अमलात आला, आणि त्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकणे हा १५० युरोपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा ठरविला. त्याच्या मजकुरात इस्लाम, बुरखा किंवा नकाब यांपैकी एकही शब्द नाही, आणि तरीही तो कोणासाठी रचला गेला याविषयी कोणाच्याही मनात किंतु नव्हता. बंदी आहे ती अशी, तीन निरनिराळ्या कप्प्यांत वाटलेली, आणि या कप्प्यांची सरमिसळ करूनच बहुतेक वादविवाद रंगविले जातात.

याहून खोलवर रुजलेला समज असा की, ही बंदी १९०५ च्या फ्रेंच धर्मनिरपेक्षतेची अपरिहार्य फलश्रुती होय. ९ डिसेंबर १९०५ च्या त्या प्रसिद्ध कायद्याचे पहिले कलम विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देते, आणि दुसरे कलम सांगते की प्रजासत्ताक कोणत्याही पंथास मान्यता देणार नाही, वेतन देणार नाही वा अनुदान देणार नाही. म्हणजे बंधन घातले गेले ते शासनावर, प्रजाजनांच्या अंगावरील कपड्यांवर नव्हे. कपड्यांचा प्रश्न त्या काळी कोणाच्या ध्यानी आला नव्हता असे मात्र समजू नये. तेव्हा वादाचे वस्त्र होते ते कॅथॉलिक धर्मोपदेशकांचा पायघोळ काळा झगा. पॅरिसच्या सीमेला लागून असलेल्या ल क्रेम्लँ-बिसेत्र या गावच्या नगराध्यक्षाने १९०० साली आपल्या हद्दीत तो झगा घालून फिरण्यास फर्मान काढून बंदी केली होती, आणि १९०५ च्या जूनमध्ये कायद्याचा मसुदा प्रतिनिधिगृहापुढे असताना शाबेर नामक सदस्याने अशीच बंदी साऱ्या देशास लागू करावी अशी उपसूचना आणली. त्यांचा युक्तिवाद आजच्या वाचकास फार ओळखीचा वाटेल: हा झगा घालणाऱ्यास समाजापासून तोडतो, त्याला परक्या सत्तेच्या आज्ञेत ठेवतो, आणि तो उतरविणे हेच त्याचे मुक्तिकार्य होय.

मसुद्याचे प्रवर्तक आरिस्तीद ब्रियाँ हे धर्मसंस्थेचे मित्र नव्हते. पण त्यांनी ही सूचना मान्य करण्यास साफ नकार दिला. स्वातंत्र्य स्थापन करण्यास निघालेल्या कायद्याने कपड्याची काटछाट आरंभिली तर असहिष्णुतेचा आरोप आणि त्याहून वाईट म्हणजे उपहास पदरात पडेल, असे त्यांचे पहिले म्हणणे. आणि दुसरे असे की, आज हा झगा मना केला तर उद्या धर्मोपदेशक आणि शिंपी मिळून आपल्या चातुर्याने नवा पोशाख निर्माण करतील, मग शासन त्याच्या मागे कुठवर धावणार? उपसूचना ३९१ विरुद्ध १८४ मतांनी फेटाळली गेली. फ्रेंच धर्मनिरपेक्षतेचे नाव घेऊन आज जे बोलतात, त्यांच्यापैकी किती जणांनी हा प्रसंग वाचला असेल कोण जाणे!

ब्रियाँ यांचे भाकीत खरे ठरण्यास शंभर वर्षांहून थोडा अधिक काळ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री गाब्रिएल आताल यांनी अबाया या सैल, पायघोळ झग्याला सरकारी शाळांत बंदी केली. हे वस्त्र मुळी धार्मिक नाहीच, असे तेथील मुस्लिम परिषदेने कळविले होते, परंतु मंत्र्यांच्या मते ते घालणारीचा धर्म वर्गात पाऊल टाकताच उघड करते, आणि तेवढे पुरेसे होते. शाळा उघडल्या त्या पहिल्या दिवशी, खुद्द मंत्र्यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे, २९८ मुली अबाया घालून आल्या आणि ६७ जणींनी तो उतरविण्यास नकार दिल्याने त्यांना घरी धाडण्यात आले. एखाद्या मुलीचा लांब झगा धर्माचा की केवळ आवडीचा, हे ठरविण्याचे काम आता शाळेच्या दारावरील अधिकाऱ्याकडे आले. आणि तो झग्याकडे पाहून ठरवितो की झग्यातील मुलीच्या नावाकडे व वर्णाकडे पाहून, ही शंका अनुदार खरी, पण अस्थानी नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायमंडळाने, ज्याला तेथे कोन्सेय देता म्हणतात, ७ सप्टेंबर रोजी ही बंदी तहकूब करण्यास नकार दिला.

या न्यायमंडळाची भूमिका मात्र सदैव अशी नव्हती. १९८९ च्या शरदात पॅरिसच्या उत्तरेकडील क्रेय गावात तीन मुलींना रुमाल न काढल्यामुळे शाळेतून काढण्यात आले, तेव्हा शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पँ यांनी याच मंडळाचे मत मागविले, आणि २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मंडळाने कळविले की, धर्मचिन्ह धारण करणे हे स्वतःच धर्मनिरपेक्षतेशी विसंगत नाही. दबाव, प्रचार वा शाळेच्या शिस्तीचा भंग होत असेल तरच मनाई करता येईल. हाच नियम पुढे जवळजवळ पंधरा वर्षे चालला. म्हणजे शाळेतील बंदी प्रजासत्ताकाच्या जन्मापासूनची नाही, ती या शतकातील आहे. २००३ साली बेर्नार स्ताझी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ती सुचविली, पण त्याच आयोगाने ज्यूंचा योम किप्पूर आणि मुसलमानांची बकरी ईद या दिवशी शाळांना सुट्टी द्यावी अशीही शिफारस केली होती, आणि ती दफ्तरी दाखल होऊन तशीच राहिली. शासनाच्या तटस्थतेविषयी ज्यांस आदर आहे त्यांनी हेही जाणून असावे की, आल्सास आणि मोझेल या पूर्वेकडील भागांत १९०५ चा कायदा लागूच नाही, कारण तो झाला तेव्हा ते प्रांत जर्मन अमलाखाली होते. तेथील पाद्री व रब्बी आजही सरकारी खजिन्यातून वेतन घेतात.

आता अनेकांच्या जिव्हाळ्याच्या समजाकडे वळू: चेहरा झाकणारी प्रत्येक स्त्री ही बापाच्या, भावाच्या वा नवऱ्याच्या धाकात असते, आणि म्हणून कायदा तिचा मुक्तिदाता होय. धाक नसतोच असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. इराणमध्ये १९७९ नंतर रुमालाची सक्ती झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी पोशाखावर पहारा ठेवणाऱ्या पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, तेव्हा तेथील स्त्रियांनी रस्त्यावर येऊन जे केले त्याहून अधिक साक्ष देण्याची गरज नाही. परंतु त्याच इराणमध्ये १९३६ साली रझा शाह पहलवी यांच्या हुकमाने पोलीस स्त्रियांच्या डोक्यावरील चादरी ओढून काढीत, आणि कित्येक स्त्रियांनी त्या अपमानाच्या भयाने घराचा उंबरठा ओलांडणेच सोडले होते, हेही तितकेच खरे. दोन्ही हुकूम पुरुषांनी काढले. ज्यांच्या डोक्यावर ते वस्त्र होते त्यांना विचारण्याचे कोणास सुचले नाही.

युरोपीय सत्तांचा या बाबतीतील पूर्वेतिहास तर मोठा उद्बोधक आहे. ईजिप्तमध्ये १८८३ ते १९०७ पर्यंत ब्रिटिश हुकुमत चालविणारे लॉर्ड क्रोमर यांना पडदा हा त्या देशाच्या प्रगतीतील घोर अडथळा वाटे. तेच क्रोमर मायदेशी परतल्यावर, ब्रिटिश स्त्रियांस मताधिकार मिळू नये म्हणून निघालेल्या पुरुषांच्या संघाचे अध्यक्ष झाले. मे १९५८ मध्ये, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना, अल्जिअर्स शहरात जाहीर समारंभ करून मुसलमान स्त्रियांचे पडदे उतरविण्यात आले आणि फ्रेंच अंमलदारांच्या बायका त्या कार्यात हातभार लावीत होत्या. साम्राज्याच्या छायेत साजऱ्या झालेल्या या स्त्रीमुक्तीचे स्मरण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी घरात जपले, त्यांच्या नातींना पॅरिसमधील मंत्र्यांचे स्त्रीदाक्षिण्य संशयास्पद वाटले, तर त्यात नवल ते काय?

२०१० चा कायदा स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे गेला तेव्हा तक्रार करणारी होती फ्रान्समध्येच राहणारी एक तरुण फ्रेंच नागरिक. आपल्यावर नवऱ्याचा वा कुटुंबातील कोणाचाही दबाव नाही, सुरक्षा तपासणीच्या वेळी आपण चेहरा उघडा करण्यास तयार आहोत, असे तिने निवेदन केले. १ जुलै २०१४ च्या निकालात १५ विरुद्ध २ मतांनी न्यायालयाने फ्रान्सचा कायदा उचलून धरला, आणि आपल्याकडील बातम्यांत एवढेच आले. न आलेले असे की, सुरक्षेचा मुद्दा एवढ्या सरसकट बंदीस पुरेसा नाही असे न्यायालयाने म्हटले. आणि स्त्रीपुरुष समतेचा आधार घेऊन, ज्या आचाराचे समर्थन खुद्द स्त्रियाच करीत आहेत तो आचार शासनास मना करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. उरला तो एकच आधार, एकत्र नांदण्यासाठी परस्परांचे चेहरे दिसले पाहिजेत हा. मे २०२० मध्ये साथीच्या दिवसांत फ्रान्सच्या आगगाड्यांत चेहरा न झाकणाऱ्यास १३५ युरो दंड ठरला, तेव्हा तोच आधार कसा लटका पडला ते जगाने पाहिले. आरोग्यासाठी चेहरा झाकण्यास कायद्यात मुभा आहे, हा खुलासा वैध असला तरी समाधानकारक नाही.

आणि किती स्त्रियांसाठी हा खटाटोप? कायदा होण्यापूर्वी, २००९ च्या अखेरीस, गृहखात्याच्याच अंदाजाप्रमाणे साडेसहा कोटींच्या त्या राष्ट्रात पूर्ण चेहरा झाकणाऱ्या स्त्रिया सुमारे १,९०० होत्या.

धर्मग्रंथाचा हवाला देणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर, कुराणातील नूर या अध्यायात नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना आहे आणि मग स्त्रियांना. चेहरा झाकावा की नाही याविषयी धर्मशास्त्रज्ञांत शतकानुशतके मतभेद आहेत, आणि हजयात्रेत इहराम या व्रतस्थ अवस्थेत तर स्त्रीने नकाब बांधू नये असा दंडक आहे. त्याचप्रमाणे हा झगडा मुसलमानांपुरताच आहे हीदेखील समजूत खरी नव्हे: २००४ च्या कायद्याने शीख मुलांच्या डोक्यावरील पगडीही शाळेबाहेर ठेवली. आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचाच भाग मानलेला आहे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना दोन प्रजासत्ताकांच्या वृत्तीतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सारे पाश्चात्त्य एकाच माळेचे मणी आहेत असे समजणेही तितकेच चुकीचे. अमेरिकेत अबरक्रोम्बी ॲन्ड फिच या कापडविक्रेत्या कंपनीने रुमाल बांधणाऱ्या मुलीस नोकरी नाकारली, तेव्हा २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी त्या मुलीची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी जर्मनीच्या संविधान न्यायालयाने, सरकारी शाळेतील शिक्षिकांच्या रुमालावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पण कायदा उदार म्हणून समाज निर्मळ झाला असे होत नाही. त्याच जर्मनीत, ड्रेस्डेन शहरी, खेळाच्या मैदानावर आपणास दहशतवादी म्हणणाऱ्या इसमाविरुद्ध रुमाल बांधणाऱ्या एका ईजिप्शियन स्त्रीने फिर्याद केली होती. १ जुलै २००९ रोजी अपिलाच्या सुनावणीत, भर न्यायालयात, त्या इसमाने तिला तिच्या लहान मुलादेखत भोसकून ठार मारले, आणि तिला वाचविण्यास धावलेल्या नवऱ्यालाच हल्लेखोर समजून पोलिसाने गोळी घातली. तो नवरा वाचला. या गोळीने पूर्वग्रहाविषयी जे सांगितले ते सांगण्यास कोणत्याही निकालपत्राची आवश्यकता नव्हती.

फ्रान्समध्येही न्यायसंस्था कधीकधी शासनाचा हात धरते. नीस येथील १४ जुलै २०१६ च्या हत्याकांडानंतर किनाऱ्यावरील सुमारे तीस नगराध्यक्षांनी अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर बंदीचे हुकूम काढले, तेव्हा लोकांच्या मनातील भीती हे काही एखाद्याचे स्वातंत्र्य हिरावण्याचे कारण होऊ शकत नाही, असे म्हणून न्यायमंडळाने २६ ऑगस्ट रोजी व्हिलनव्ह-लूबे गावचा हुकूम तहकूब केला. २०१० च्या कायद्याच्या नशिबी मात्र असे काही आले नाही. स्त्रीला चेहरा झाकण्यास भाग पाडणाऱ्यास त्यात एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंडाची तरतूद आहे. परंतु रस्त्यावरचा पोलीस दंडाची पावती फाडतो ती त्या स्त्रीच्याच नावे. अशा दंडित दोन स्त्रियांच्या तक्रारीवरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ऑक्टोबर २०१८ मध्ये या कायद्याने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला असे मत नोंदविले. त्या समितीचे मत न्यायालयाच्या निकालासारखे बजावता येत नाही, फ्रान्सने ते मानले नाही, आणि कायदा अद्याप अमलात आहे.