बुरशी : उकिरड्यात हवी, कणगीत नको

पावसाळ्यात भाकरी दोन दिवस राहिली, की तिच्यावर हिरवट लव येते. वहाणेवर येते, लोणच्यावर येते. आपण म्हणतो, "बुरसटलं!" ही बुरशी येते तरी कुठून?

बुरशीचे बी हवेतच असते. ते इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. ओल मिळाली की ते रुजते. झाड हिरव्या पानांत, उन्हाच्या जोरावर आपले अन्न आपणच तयार करते. बुरशीला ते साधत नाही. म्हणून पाला, लाकूड, शेण, दाणे, जे मिळेल ते ती कुजवते आणि खाते.

हे कुजवणे वाईट का? मुळीच नाही. उकिरड्यातल्या काडीकचऱ्याचे खत होते, त्यात बुरशीचा मोठा हात आहे. पुष्कळ पिकांच्या मुळांशी बुरशीचे तंतू नांदतात. मुळे पोचत नाहीत तिथला स्फुरद ते आणून देतात. बदल्यात पिकाकडून साखर घेतात. आपण सावड करतो, तसेच हे!

बुरशीने औषधही दिले. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले, की एका बुरशीच्या आसपास रोगजंतू वाढत नाहीत. त्यातूनच पुढे पेनिसिलिन मिळाले.

पण बुरशी धान्यात शिरली तर? १९७४ साली राजस्थान व गुजरातमधल्या काही आदिवासी खेड्यांत काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका भिजला. तो नीट वाळला नाही, तसाच साठवला. त्यावर बुरशी चढली. गरिबाघरी दुसरे धान्य कुठले? लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशीने मक्यात विष सोडले होते. हे विष यकृत बिघडवते. ते धुऊन जात नाही. शिजवले, भाजले तरी पुरते जात नाही.

म्हणून आपण काय करावे? मका आणि भुईमूग कडक उन्हात वाळवावा. शेंग हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत. पोत्यांखाली फळ्या घालाव्यात. बुरसटलेले दाणे वेचून काढावेत आणि खोल पुरावेत, म्हणजे कोंबड्या टिपणार नाहीत. "गाईला घालू" असेही म्हणू नये. ते विष दुधातून आपल्याच लेकरांच्या पोटात जाते.

पायलीभर दाणे टाकताना जीव हळहळतो, हे खरे. पण मका पुढच्या साली पिकेल. गेलेले माणूस परत येत नाही.