कंठांतील वाद्यवृंद

वाद्यांची साथ न घेतां केवळ कंठानें गाणें ही गोष्ट महाराष्ट्रांत नवी नाहीं. जात्यावर बसलेल्या बाईला पेटी लागत नसे कीं तबला लागत नसे. जात्याची घरघर हाच तिचा षड्ज आणि खुंट्याचा फेरा हाच तिचा ताल. राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा घ्या, कीं त्या बाजूचें दुसरें कोणतेंही गांव घ्या; पिठाची गिरणी आली आणि पहांटेची ओवी घरांतून गेली. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित करविल्या, म्हणून तें धन आज निदान ऐकावयास तरी मिळतें.

परंतु आज ज्या ध्वनिमुद्रिकेची ओळख करून द्यावयाची आहे, तिनें कंठाकडून मागितलेलें काम निराळेंच आहे. ‘व्हान कांटो’ हा जर्मनींतील गायकमेळा २००६ सालीं स्थापन झाला, आणि त्याची ‘हीरो’ नांवाची दुसरी ध्वनिमुद्रिका २००८ सालीं निघाली. ही मंडळी जें संगीत गातात त्यास ‘हेवी मेटल’ म्हणतात. १९७० च्या सुमारास इंग्लंडांत, बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरांत, तें रूपास आलें. विजेच्या गिटारचा भरडा, गुरगुरणारा आवाज हा त्याचा प्राण. तो आवाज मुद्दाम बिघडविलेला असतो. ध्वनिवर्धकास झेपणार नाहीं इतका जोर त्यांत लोटला कीं स्वराच्या लाटेचे माथे कापले जातात आणि त्यांतून नवे नवे उपस्वर उपजतात. अशा संगीतांतून गिटारच काढून टाकावयाची म्हणजे शिमग्यांतून होळी काढण्यासारखें! व्हान कांटोनें नेमकें तेंच केलें. पांच गायक आणि एक ड्रमवादक, एवढाच या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं त्यांचा संच होता.

मग गिटारचें काम करावयाचें कोणीं? पांचांपैकीं एक स्त्री व एक पुरुष शब्द गातात. एक जण खर्ज सांभाळतो. राहिलेले दोघे, एक वरच्या पट्टींत व एक खालच्या, ‘रक्कटक्का’ अशा निरर्थक अक्षरांनीं गिटारचे आघात उमटवितात. तबल्याची पढंत ज्यानें ऐकली आहे त्याला यांतील युक्ति तत्काळ उमगेल. ‘धा’ म्हटलें कीं दोन्ही हातांची थाप आणि मागचा घुमारा. ‘तिरकिट’ म्हटलें कीं बोटांची कोरडी, चलाख पळापळ. सतारीचे ‘दा’, ‘रा’, ‘दिर’ त्याच जातीचे. व्यंजन हा आघात, स्वर ही त्यामागची आंस. गिटारवादक तळहात तारांवर टेकवितो तेव्हां आंस मरते आणि नुसती ‘टक’ उरते. गायक तीच ‘क’ आणि ‘ट’ यांनीं दाखवितो. भेद इतकाच कीं, आपल्याकडे बोल हे मुख्यतः शिकण्याचें व स्मरणाचें साधन. येथें बोल हेंच वादन.

खरी अडचण निराळीच आहे. गिटारला श्वास घ्यावा लागत नाहीं! माणसाला लागतो, आणि या संगीतांत थांबावयास जागा नसते. आपल्या शाहिरांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला. पोवाड्यांत झीलकरी ‘जी जी’ करीत उंच स्वर धरतात. त्यानें रंग तर चढतोच, पण शाहिराला तेवढ्यांत दमही खातां येतो. व्हान कांटोचे गायकही एकमेकांच्या श्वासाची भोंकें असेच बुजवितात. ध्वनिमुद्रणांत तुकडे जोडतां येतात, हें खरें. रंगमंचावर मात्र तशी सोय नाहीं.

‘हीरो’मध्यें त्यांच्या स्वतःच्या रचनांबरोबर पांच गाजलेलीं परकीं गाणींही आहेत. डीप पर्पलचें १९७४ मधील ‘स्टॉर्मब्रिंगर’ त्यांत आहे, आणि आयर्न मेडनचें १९९२ मधील ‘फिअर ऑफ द डार्क’ही. माझ्या मतें सर्वांत सरस उतरलें आहे तें ब्लाइंड गार्डियनचें ‘बार्ड्‌स साँग’. मूळचें तें साध्या, बिनविजेच्या गिटारवरचें शांत गीत. त्यांत नक्कल करण्याजोगा गोंगाट थोडा, म्हणून हे पांच कंठ तेथें यंत्राची चाकरी सोडून मोकळेपणानें गातात. इतरत्र कांहीं ठिकाणीं करामत पुढें धांवते आणि गाणें मागें राहतें, हें मान्य केलें पाहिजे.

एक आक्षेप नेहमीं घेतला जातो: ड्रम खरे, आणि गिटारच्या एकल तुकड्यांची नक्कल करतांना गायकाचा आवाजही यंत्रांतून नेऊन खरखरीत केलेला, मग याला निव्वळ कंठसंगीत कसें म्हणावें? काटेकोर अर्थानें तें म्हणतां येणार नाहीं. पण जात्याची घरघर वजा करून ओवी कोण मोजतो?

घरीं ऐकावयाचें झाल्यास आधीं ‘स्टॉर्मब्रिंगर’ची मूळ ध्वनिमुद्रिका लावावी, मग ही. दुसऱ्या वेळीं शब्दांकडे मुळींच लक्ष देऊं नये. खर्ज धरणारा गायक कोठें श्वास घेतो, तेवढें शोधावें.