३.४ रजिस्ट्रीची सफाई : नवख्या वापरकर्त्याने करावी काय?

प्रकल्पलेखनासाठी संगणक नियमित वापरू लागल्यावर एक अनुभव पुष्कळांना येतो. यंत्र मंदावते, उपाय म्हणून एखादा मोफत प्रोग्राम उतरवून घेतला जातो, आणि 'आपल्या रजिस्ट्रीत शेकडो दोष आढळले आहेत' अशी लाल अक्षरांतील सूचना पडद्यावर येते. खाली 'दुरुस्त करा' असे बटण असते. ते दाबावे की न दाबावे, हा या उपघटकाचा विषय आहे. दाबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते केवळ आम्ही सांगतो म्हणून स्वीकारू नका. कारणे तपासून पाहा.

रजिस्ट्री ही विंडोज या कार्यप्रणालीची मध्यवर्ती नोंदवही होय. पूर्वी निरनिराळे प्रोग्राम आपापल्या मांडणीचा तपशील स्वतंत्र मजकूर-फाइलींत ठेवत. १९९२ मधील विंडोज ३.१ सोबत रजिस्ट्री मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून तिचे महत्त्व फार वाढले. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडावी, यंत्र सुरू होताना काय चालू व्हावे, कोणते फॉन्ट बसवले आहेत, हे सारे तेथे नोंदलेले असते. मराठीला विंडोजमध्ये ११०२ हा भाषाक्रमांक आहे. तुम्ही मराठी कळफलक निवडता, तेव्हा हाच क्रमांक षोडशमान रूपात रजिस्ट्रीत लिहिला जातो.

प्रोग्राम काढून टाकल्यावर त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे आहे. परंतु त्यांमुळे यंत्र मंद होते, हा समज टिकणारा नाही. रजिस्ट्रीची रचना वृक्षासारखी असते. हवी ती नोंद फांदी-उपफांदीच्या मार्गाने थेट गाठली जाते. त्यासाठी सगळी वही वाचावी लागत नाही. ग्रंथालयातून बाद झालेल्या शंभर पुस्तकांची कार्डे तालिकेत राहिली, म्हणून तुम्हाला हवे असलेले पुस्तक सापडण्यास उशीर होत नाही, तसेच हे. लक्षावधी नोंदींतून काही शेकडा वजा केल्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकारावर मर्यादा असे, त्यामुळे त्या काळी सफाईला थोडाफार अर्थ होता. विंडोज एक्सपीपासून ती मर्यादाही राहिली नाही. स्वतः मायक्रोसॉफ्टने एके काळी 'रेगक्लीन' नावाचे साधन दिले होते. ते पुढे मागे घेण्यात आले. आज अशा साधनांच्या वापराला पाठिंबा न देणे, हे त्या कंपनीचे जाहीर धोरण आहे.

लाभ नगण्य असला, तरी हानी कशी होते? सफाईचा प्रोग्राम साधारणपणे एवढेच पाहतो, की नोंदीत सांगितलेल्या जागी ती वस्तू आहे काय. नसेल, तर नोंद 'निरुपयोगी' ठरते. आता मराठीच्या अभ्यासकाचेच उदाहरण घ्या. तुमच्या प्रबंधाचा जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित आहे. तो फॉन्ट तुम्ही पेन ड्राइव्हवरच ठेवून केवळ शॉर्टकटने जोडला आहे. तपासणीच्या वेळी पेन ड्राइव्ह लावलेला नव्हता. प्रोग्रामला फॉन्ट दिसला नाही आणि त्याने नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी प्रबंध उघडता, तो देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रास! या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेले असत, म्हणून असे घडते. मजकूर वास्तविक नष्ट झालेला नसतो, फॉन्ट पुन्हा बसवला की तो परत दिसतो. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो घाबरून तीच फाइल 'सुधारू' लागतो आणि तसाच बदल जतन करतो. खरी हानी तेथे होते.

हे उदाहरण सौम्य आहे. कार्यप्रणालीला आवश्यक नोंद गेली, तर यंत्र सुरूच होणार नाही. 'आम्ही आधी प्रत काढून ठेवतो' असे हे प्रोग्राम सांगतात; पण ती प्रत सहसा विंडोज सुरू झाल्यावरच वापरता येते. शिवाय विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून विंडोज रजिस्ट्रीची राखीव प्रत आपोआप काढत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक बाजू व्यापाराची आहे. तपासणी मोफत, दुरुस्ती मात्र पैसे भरून, अशी ही रीत. दोषांची संख्या जितकी मोठी, तितकी भीती मोठी. अशा धाकदपटशाच्या सूचना देणारे प्रोग्राम १ मार्च २०१८ पासून अनिष्ट ठरवून काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, यावरून या प्रकाराची व्याप्ती लक्षात येईल. नामांकित साधनही निर्धोक असतेच असे नाही. २०१७ मध्ये 'सीक्लीनर'च्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक संकेत घुसवले होते आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती.

मग मंदावलेल्या यंत्राचे काय करावे? बहुतेक वेळा कारण साधे असते : सुरुवातीलाच चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम, भरत आलेली डिस्क, अपुरी रॅम. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने पडणारा फरक तर कोणालाही जाणवेल. नको असलेला प्रोग्राम काढायचा तो विंडोजच्या 'सेटिंग्ज'मधूनच काढावा. सफाई आधीच करून बसला असाल आणि काही बिघडले असेल, तर दुसरी सफाई करू नका. प्रथम आपल्या लेखनाच्या प्रती वेगळ्या ठिकाणी काढा, नंतर त्या प्रोग्राममधील 'पूर्ववत करा' हा पर्याय आणि तो न चालल्यास 'सिस्टिम रिस्टोअर' वापरून पाहा. रिस्टोअरची सोय अनेक संगणकांवर बंद असते; ती आजच चालू करून ठेवा.

स्वाध्याय : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडा. 'स्टार्टअप' या विभागातील प्रोग्रामची यादी वहीत उतरवा आणि त्यांपैकी कोणते तुम्ही गेल्या महिन्यात एकदाही वापरले नाहीत, ते प्रत्येकापुढे लिहा.