जनुक, जन्म आणि मेंदूची घडण

‘बुद्धी रक्तातच असावी लागते’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आताशा रक्ताच्या जागी जनुक हा शब्द येतो, एवढाच फरक. जुना मनू प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून आला की आपली शिकलेली मुलेही दबकतात. म्हणून जनुके मेंदूत प्रत्यक्ष काय करतात, हे आपणच समजून घेतले पाहिजे. त्यासाठी डॉ. शुभा टोळे यांच्या संशोधनाकडे वळतो.

टोळे मुंबईच्या. सेंट झेवियर्स महाविद्यालय, मग अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पीएच.डी., शिकागो विद्यापीठात पुढचे संशोधन, आणि १९९९ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा. २०१० चा भटनागर पुरस्कार, २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार. त्यांच्या घरात शिक्षण आधीपासून होते, आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात नव्हते. एवढी नोंद करून पुढे जाऊ. कामाचे मोल तिने घटत नाही.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मग एक पेशी कातडीची आणि दुसरी मेंदूची का होते? नवेगाव बांधच्या माणसाला हे सांगणे सोपे आहे. तलाव एकच, पण पाळीतले कोणते तुडूम केव्हा उघडले, यावर कोणत्या बांधीत रोवणा होणार ते ठरते. जनुके सगळ्या पेशींत आहेत, उघडी मात्र काहीच. त्यांची उघडझाप काही प्रथिने करतात, आणि ती प्रथिनेही जनुकांपासूनच बनतात. (इथे माझा दाखला तोकडा पडतो, आपल्याकडे एक तुडूम दुसरे तुडूम उघडत नाही.)

एलएचएक्स-२ हे असेच एक उघडझाप करणारे जनुक. उंदराच्या गर्भात मेंदूचा बाह्य थर घडत असताना काही पेशींतून ते काढून टाकले, तर काय झाले? त्या पेशी थराच्या काठाच्या पेशी बनल्या, आणि त्यांनी शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, बनायला लावले. एकाच मेंदूत जागोजागी हिप्पोकॅम्पस उगवले! टोळे आणि सहकाऱ्यांचा हा शोध २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. यात वेळेला फार महत्त्व आहे. उंदराचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा; साधारण साडेदहाव्या दिवसानंतर तेच जनुक काढले, तर पेशी काठाच्या होत नाहीत. २०११ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले की पुढे हिप्पोकॅम्पसमध्ये हेच जनुक चेतापेशी बनवायच्या की त्यांना आधार देणाऱ्या पेशी, हे ठरवण्यात भाग घेते. जनुक एक, वेळ वेगळी, काम वेगळे.

शेजाऱ्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या पेशींची कल्पना १९२४ मधली, स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांची. प्रयोग हिल्डेने केले. त्याच वर्षी ती अपघातात गेली, आणि १९३५ चे नोबेल एकट्या स्पेमानला मिळाले. मृतांना ते देत नाहीत, हे खरे. पण आपल्या तलावालाही कोलू पाटील कोहळीचे नाव आहे, माती वाहणाऱ्यांची नावे कुठे आहेत? २००८ च्या निबंधात टोळे यांचे नाव शेवटाकडे आहे, ही त्या क्षेत्राची रीत मला बरी वाटते.

टोळे यांच्या प्रयोगांतून जातीविषयी काही सिद्ध होत नाही. ते उंदरांवरचे आहेत. पुढचे म्हणणे माझे. एलएचएक्स-२ हे ‘हुशारीचे जनुक’ नव्हे. ते उंदरातही आहे, पंडितातही आणि मजुरातही. वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच, डीएनएची रचना कळण्याच्या सतरा वर्षे आधी, विचारले होते की मग सहभोजनाला बंदी कशासाठी? एकत्र जेवल्याने रक्त कसे बदलेल?

जेवणाचा संबंध आहे, पण वेगळ्या ठिकाणी. थायरॉईडचे संप्रेरक बनायला आयोडीन लागते. ते संप्रेरक पेशीत शिरून ग्राहक-प्रथिनांमार्फत जनुकांची उघडझाप करते. गरोदरपणी आईला आयोडीन फार कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. फॉलिक आम्लाचेही तसेच. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भाच्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते, आणि तोवर रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बाईला आपल्याला दिवस गेले आहेत हेही पुष्कळदा ठाऊक नसते. मिठात आयोडीन मिसळतात. पण ते मीठ दुकानात उघड्या पोत्यात ओल खात पडले, तर घरी पोचेपर्यंत त्यातले आयोडीन कमी झालेले असते.