रस्ता आणि कायदा, लेखांक 6 : दंड कोणाच्या फोनवर जातो?

मागच्या लेखांकात दंडाच्या रकमा पाहिल्या. आज तो दंड कोणत्या वाटेनं येतो ते पाहू, कारण नंदुरबारमध्ये माणसं अडकतात ती या वाटेवरच.

पूर्वी हवालदार गाडी अडवायचा, पैसे घेऊन पावती फाडायचा आणि प्रकरण तिथंच मिटायचं. मुंबईत 2016 साली ई-चलन आलं आणि 2019 मध्ये ‘एक राज्य एक ई-चलन’ म्हणून राज्यभर पसरलं. आता पोलिसाच्या हातातलं यंत्र गाडीचा फोटो घेतं. गाडीचा नंबर टाकला की सरकारी नोंदीतून मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर निघतो, त्या नंबरवर एसएमएस जातो. हँडल कोणाच्या हातात होतं, हे नोंदीला ठाऊक नसतं.

आपल्याकडची खरी अडचण हीच. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मोटारसायकल एकाच्या नावावर असते आणि तीन घरं ती वापरतात. जुनी गाडी विकताना आरसी बुक आणि चावी हाती दिली की व्यवहार पुरा झाला असं आपण धरतो. कायदा तसं धरत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार विकणाऱ्यानं 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. नमुना 29 त्यासाठीच आहे. ते राहिलं, तर तुम्ही विकून मोकळे झालेली एमएच-39 शहाद्यात कोणी ट्रिपल सीट पळवली तरी चलन तुमच्याच नावावर. दंड परवडला, अपघात झाला तर? नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये भरपाईच्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकालासुद्धा गाडी नावावर करून दिल्याशिवाय देऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो.

दुसरी गाठ मोबाइल नंबरची. ऊसतोडीला किंवा सुरतेला गेलेला माणूस सिम बदलतो आणि चलन बंद पडलेल्या नंबरवर जात राहतं. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याच आधारच्या पडताळणीनं आता गाडीच्या नोंदीतला नंबर बदलता येतो. एवढं एक काम या आठवड्यात कराच.

नवापूरकरांसाठी थोडं वेगळं. त्यांचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पण दोन्ही राज्यांची चलनं एका ठिकाणी दिसतीलच असं नाही. सुरतेतला दंड वेगळा शोधावा लागू शकतो.

आपल्या राज्यातलं चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. पैसे भरण्याआधी फोटो उघडून बघा. गाडी तुमची नसेल, तर तिथंच तक्रार करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावानं एपीके फाइल आली, तर तिला बोटही लावू नका. ती उघडली की बँक खातं रिकामं होऊ शकतं.

पुढच्या आठवड्यात : लोकअदालतीची नोटीस हाती पडल्यावर.